शट डाऊन केल्यावरही

१ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळ.

आजपासून पुन्हा रोजनिशी. देवनागरीतच. माझ्या बायकोला, अंबाला, तमिळ येतं, इंग्रजी येतं, देवनागरी येत नाही. आमची मुलगी विनुता 'क' आणि 'फ' यांत गोंधळते. तंजावुरातल्या आमच्या मराठी लोकांत देवनागरी वाचणारे माझ्यासारखे थोडेच उरले. म्हणून ही वही टेबलावर उघडी टाकली तरी भीती नाही.

आजची घटना. कॉम्प्युटर बंद होत नाही. शट डाऊन दाबलं, स्क्रीन काळा झाला, सगळं रीतसर. पण खालच्या डब्यातला पंखा फिरतोच आहे आणि निळा दिवा जळतोच आहे. कॉफी पिऊन आलो. फिरतोच आहे. बटण दाबून धरलं. फिरतोच आहे.

अंबा म्हणाली, मणीला बोलवा. मणी म्हणजे आमच्या वीथीतला इलेक्ट्रिशियन. मी हसलो. तालुका ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा हेड क्लार्क मी होतो. उद्घाटनाचं बटण कलेक्टरांनी दाबलं, पण कुठलं दाबायचं ते बोटानं दाखवलं कोणी?

संकल्प : नवरात्रातल्या बाहुल्यांचा गोलू मांडायच्या आत स्वतः दुरुस्त करणे.

३ ऑक्टोबर, गुरुवार.

गोलू मांडला. कॉम्प्युटर तसाच.

बाहुल्यांच्या पायऱ्या या वेळी हॉलमध्ये न मांडता कॉम्प्युटरच्या खोलीत, भिंतीला टेकवून मांडल्या. कल्पना माझी. दिव्यांच्या माळांना प्लग जवळ. एक गोष्ट मांडून झाल्यावर लक्षात आली, की कॉम्प्युटरचा प्लग पायऱ्यांच्या मागे गेला. बाहुल्या एकदा बसल्या की विजयादशमीपर्यंत हलवत नाहीत. म्हणजे तोवर कॉम्प्युटर अखंड चालू. नवरात्रात अखंड दिवा असतोच की.

विनुताचा चेन्नईहून फोन. म्हणाली, अप्पा, प्लग काढून ठेवा आणि कुणाला तरी दाखवा. मी समजावलं. ताप उतरत नाही म्हणून आपण रोग्याचा गळा दाबत नाही. ती म्हणाली, मग मेन तरी बंद करा. मी म्हटलं, फ्रिज त्याच लाइनीवर आहे, फ्रिजात प्रसादाच्या सुंडलासाठी भिजवलेले चणे आहेत. यावर ती म्हणाली, अम्माला फोन द्या. पटलं असावं.

५ ऑक्टोबर, शनिवार.

दर शनिवारी दुपारी अंबाचा क्लास असतो. चेन्नई, बंगलोरकडच्या आमच्या लोकांची पोरं व्हिडिओवर येतात आणि ही त्यांच्याशी आपल्या मराठीत बोलते. पोरांना कळतं अवघं, तोंड उघडत नाही. ही त्यांना 'ये, बस, जेव' पासून गोष्टींपर्यंत नेते. पोरं हसतात. अंबाही हसते. तिला कुणी 'टीचर' म्हटलं की पदर सारखा करते. तांत्रिक बाजू मी सांभाळतो. म्हणजे सुरुवातीला येऊन माईक चालू आहे ना एवढं बघतो.

अंबाची तक्रार : डबा डोशाच्या तव्यासारखा तापलाय. हात लावून पाहिला. तापलाय खरा. चालणारी वस्तू तापतेच. बसच्या बॉनेटवर हात ठेवून बघा.

दुसरी तक्रार : डब्याच्या मागे राहणारी पाल दिसत नाही. कितीतरी वर्षं तिथंच होती, संध्याकाळी दिवा लावला की चुकचुकायची. अंबाला तिची सवय झाली होती. पाल घर सोडून गेली हे चांगलं नाही म्हणते. मी म्हटलं, पालीला काय, नवीन जागा मिळाली असेल.

८ ऑक्टोबर, मंगळवार.

दिवसभर यूट्यूबवर अभ्यास. रोग अगदी साधा. विंडोजच्या सेटिंगमध्ये दोष. सांगणारा मुलगा हिंदीत बोलत होता, तरी बहुतेक कळलं. त्यानं सांगितलेली सेटिंग बदलली, न सांगितलेल्याही दोन-तीन बदलल्या.

परिणाम : पंखा पूर्वीपेक्षा जोरात. घड्याळ कुठल्या तरी जुन्या सालात गेलं. आवाज येत नाही. पण काहीतरी हललं, हे महत्त्वाचं. प्रगती आहे.

संध्याकाळी सुंडल घ्यायला शेजारच्या राजम मामी आल्या. गोलूसमोर बसल्या आणि दोन ओळी गाऊन थांबल्या. म्हणाल्या, काय जळतंय का? अंबानं माझ्याकडे पाहिलं. मी कापराकडे बोट दाखवलं.

कापूर लावला नव्हता हे नंतर लक्षात आलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार. विजयादशमी.

काल लिहिलं नाही. आयुधपूजा होती. त्या दिवशी पुस्तकं, हत्यारं, यंत्रं देवापुढे ठेवून विसावा द्यायचा, हात लावायचा नाही. अंबानं मिक्सरला गंध लावलं, माझ्या स्कूटरला लावलं, विळीला लावलं. कॉम्प्युटरला लावायला गेली आणि हात मागे घेतला. म्हणाली, ह्याला कसं लावू, हा थांबलाच नाही. सगळी यंत्रं आज गप्प आहेत. हा एकटाच आहे जो देवाचंही ऐकत नाही.

शेवटी गंध मीच लावलं. लावताना बोटाला मुंगी चावल्यासारखं झालं. मुंगी दिसली नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार.

गोलू उतरवला. बाहुल्या जुन्या वेष्टी-धोतरांत गुंडाळून पेटीत. प्लगपर्यंत पोचलो.

प्लग ओढून निघेना. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा निघाला, पण जाड पिन, ती अर्थिंगची, सॉकेटमध्येच राहिली. प्लास्टिक तपकिरी, थोडं मऊ. भिंतीवर हाताएवढा डाग. पंखा थांबला. खोलीत एकदम इतकं शांत झालं की अंबा स्वैपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, मलाच काही झालं. मग खाली बसली आणि म्हणाली, असाच राहू द्या हो. वेण्डाम, नको आता.

पण तपास अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. दोष चालू असतानाच दोष सापडतो. दोन पिनांचा नवीन प्लग बसवला, एक्स्टेन्शन बॉक्समध्ये घातला. घालताक्षणी पंखा आपोआप सुरू. मी बटणाला हातही लावला नव्हता.

अर्थिंगची पिन नाही. ती काय, जास्तीची असते. आमच्या रेडिओला कुठे होती?

१६ ऑक्टोबर, बुधवार.

सकाळी स्नान करून आलो तर कॉम्प्युटर गप्प. क्षणभर वाटलं, सेटिंग लागू पडली. मग दिसलं, प्लग काढून ठेवलाय. अंबा. विचारलं तर म्हणाली, हो, मी काढला. म्हणजे ज्या माणसासाठी मी राबतोय तोच तपासात अडथळा आणतो.

प्लग पुन्हा लावला आणि वरून काळी टेप गुंडाळली. चारी बाजूंनी. आता काढायचा तर कात्री लागेल.

१९ ऑक्टोबर, शनिवार.

पाऊस सुरू झाला. या खोलीची खिडकी फुगली, नीट बसत नाही, खाली पाणी येतं.

क्लास झाला. नवीन स्पीकर जोडून आवाज आणला. श्रेय कुणी दिलं नाही. मध्येच अंबा 'स्स' करून थांबली. पोरांनी विचारलं, काय झालं टीचर. ती म्हणाली, काही नाही, सुई टोचली. क्लास संपल्यावर मला म्हणाली, स्टँडला हात लागला की करंट झोंबतो. कॉम्प्युटरचं स्टँड लोखंडी आहे, ऑफिसच्या लिलावात घेतलेलं, मजबूत.

मी हात लावून पाहिला. झोंबलं नाही. माझ्या पायांत तेव्हा बाथरूमला जायच्या चपला होत्या, पण त्याचा संबंध नाही.

अंबाची तक्रार नोंदवली. कारण : पावसाळी हवा, नायलॉनचं पातळ, स्थिर विद्युत. शाळेत शिकवलेलं आहे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार.

नवीन उपद्रव. मीटरपेटीतला एमसीबी सारखा पडतो. एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप खाली पडणारा स्विच. पडला की अर्धं घर काळोखात, फ्रिज बंद, आमटी आंबते. वर करतो, पडतो. वर करतो, पडतो.

विचार केला. कॉम्प्युटर बंद होत नाही आणि घर बंद होतं. म्हणजे स्विच फार हळवा आहे. ऑफिसातही अशी माणसं असत, फाइल जरा जड आली की रजेवर. दुकानातून मोठा एमसीबी आणला. दुकानदारानं विचारलं, एसीसाठी का, सर? मी हो म्हटलं. उगाच चर्चा नको.

मेन बंद करून स्वतः बसवला. आता पडत नाही. काहीही झालं तरी पडत नाही. फार समाधान वाटलं.

विनुताला फोनवर सांगितलं.  ती इंग्रजीत म्हणाली, अप्पा, प्लीज. आणि फोन ठेवला. तिचं ऑफिसचं काम वाढलंय.

३१ ऑक्टोबर, गुरुवार. दीपावली.

पहाटे तेल लावून स्नानं झाली. नवी वस्त्रं. राजम मामी दीपावलीचं लेह्यम, ते औषधी चाटण, घेऊन आल्या. वाटी स्टँडवर ठेवायला गेल्या आणि किंचाळल्या. वाटी खाली, लेह्यम फरशीवर. तमिळमध्ये म्हणाल्या, शॉक अडिक्कुदु! मी म्हटलं, मामी, तुमचं पातळ रेशमी आहे. तर म्हणाल्या, चाळीस वर्षं रेशीम नेसतेय, आजवर मला कुणी चावलं नाही.

अंबा खाली बसून लेह्यम पुसत होती. स्टँडपासून हातभर लांबूनच.

दुपारी पाहिलं तर तिच्या पायात रबरी चपला. घरात! दीपावलीच्या दिवशी! देवघरासमोर काढते, पण या खोलीत यायचं झालं की घालून येते. आमच्या घरात माझ्या वडिलांच्या काळापासून उंबऱ्याच्या आत चप्पल आली नाही. माझ्या बाथरूमच्या चपलांची गोष्ट वेगळी. मी बोललो. ती म्हणाली, मला भीती वाटते. मी म्हटलं, कशाची? ती त्या डब्याकडे बघत राहिली. पंखा घरघरत होता. मधूनच तो थोडा थांबतो आणि मग दुप्पट जोरानं सुरू होतो. कुणीतरी श्वास धरून सोडावा तसा. हे मीही पाहिलंय. लिहायचं नव्हतं.

६ नोव्हेंबर, बुधवार.

अंबानं क्लास मोबाइलवर नेला. स्वैपाकघरात बसून घेते. एवढ्याशा स्क्रीनवर पोरांची तोंडं दिसतात तरी का! मला न विचारता. आता कॉम्प्युटर कशासाठी चालू आहे असं कुणी विचारलं तर उत्तर नाही. कुणी विचारलेलं नाही.

ती या खोलीतून जाणं टाळते. गच्चीवर जायचं असलं तरी मागच्या दारानं वळसा घालून जाते.

पण चांगली बातमी आहे. आमच्या समाजाच्या लोकांची एक यादी कॉम्प्युटरवर करावी, पत्ते, फोन, कोण कुठं स्थायिक, हे मी गेल्या बैठकीत सुचवलं होतं. चौघे-पाचजण शनिवारी बघायला येणार. सुब्रह्मण्यही येणार. तो बँकेतून निवृत्त झालाय आणि स्वतःला फार समजतो. मी त्यांना सांगणार, की यंत्र थोडं हट्टी आहे, पण हाताळणाऱ्याला हाताळता येतं.

संकल्प : शनिवारपर्यंत दोष काढणे. नाहीच निघाला तर त्यांच्यासमोर शट डाऊन न करणे.

९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ.

पाऊस रात्रीपासून. पाहुणे साडेदहाला. अंबाला डाळवडे करायला सांगितले.

तिच्या रबरी चपला उचलून बाहेरच्या पायरीवर ठेवल्या. सुब्रह्मण्यासमोर घरात चपला नकोत. शोधत होती. मी म्हटलं, ते येऊन जाईपर्यंत राहू दे. काय होतंय तेवढ्यात. ती पदर खोचून आत गेली.

खिडकीखाली पाणी साचलंय. पाहुण्यांआधी पुसून घे म्हणून सांगतो.

९ नोव्हेंबर. हॉस्पिटल.

अंबा आत आहे. श्वास चालू आहे असं सांगतात.

१० नोव्हेंबर, रविवार.

नीट लिहून ठेवतो. नंतर लोक काहीही बोलतील.

अंबा पाणी पुसत होती. ओल्या फरशीवर, अनवाणी. स्टँडच्या खाली फडकं घालण्यासाठी वाकली आणि तोल सावरायला स्टँड धरलं. सोडलं नाही. सोडता येत नव्हतं. ओरडलीही नाही. तिचा चेहरा माझ्याकडे होता. तोंड उघडं आणि आवाज पंख्याचाच.

मी ताबडतोब कृती केली.

मी खुर्चीवर बसलो, माऊस धरला आणि शट डाऊन दाबलं. स्क्रीनवर आलं, थोडं थांबा. पुन्हा दाबलं. मी दाबतच होतो. माऊस प्लास्टिकचा, खुर्ची लाकडी, म्हणून मला काही झालं नाही असं डॉक्टर म्हणाले.

राजम मामी वडे घ्यायला म्हणून नव्हे, आपली परात मागायला आल्या होत्या. दार उघडं होतं. त्यांनी बघितलं आणि तशाच बोळात मीटरपेटीकडे पळाल्या. छत्रीच्या लाकडी दांड्यानं मेन खाली ओढला. एमसीबी पडला नव्हता. मोठा होता ना.

अंबा खाली पडली. पंखा थांबला.

मामींनी तिच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबलं. टीव्हीवर पाहिलं होतं म्हणे. रिक्षा त्यांच्याच मुलानं आणली. मी चपला शोधत होतो. तिच्या. हॉस्पिटलात अनवाणी कशी नेणार म्हणून. पायरीवर पाण्यानं भरल्या होत्या.

पाहुणे पावसामुळे आलेच नाहीत. सुब्रह्मण्यानं तसा मेसेज टाकला होता, सकाळीच. मी बघितला नव्हता.

११ नोव्हेंबर, सोमवार.

विनुता आली. मला नमस्कार केला नाही. मणीला बोलावून त्या खोलीची लाइनच कापून टाकली. डबा उचलून मागच्या अंगणात ठेवला. माझ्याशी इंग्रजीतच बोलते आणि तेही कामापुरतं. गोळ्या कुठे आहेत. विमा कार्ड कुठे आहे.

अंबाच्या उजव्या हाताचा तळवा भाजलाय. दोन बोटांचं काय होतं ते आठवड्यानं सांगतील. हृदयाचे ठोके मशीनवर लावलेत. मशीन टिक टिक करतं. मी तिकडे बघत नाही.

चेन्नईच्या पोरांच्या आया फोन करतात. शनिवारी क्लास आहे का? विनुता उत्तर देते.

घरी आंघोळीला गेलो. इतकं शांत घर ऐकलं नव्हतं. दोनदा त्या खोलीत जाऊन आलो. भिंतीवर डाग आहे, बाकी काही नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार.

आज भेटू दिलं. संध्याकाळची वेळ. विनुता बाहेर उभी राहिली, आत आली नाही.

अंबा जागी होती. चेहरा उतरलेला, केस कुणीतरी नीट बांधलेले. हात एवढा मोठा, पांढरा, उशीवर ठेवलेला. मी स्टुलावर बसलो. पाऊस थांबलाय म्हणून सांगितलं. मामींनी सार पाठवलंय म्हणून सांगितलं. अंगणातल्या डब्यावर प्लास्टिक घातलंय हे सांगणार होतो, नाही सांगितलं.

मग विचारलं. मला विचारायचंच होतं. इतकं होतं तर तू स्पष्ट का नाही बोललीस? करंट झोंबतो म्हणालीस, डबा तापलाय म्हणालीस, पण इतकं आहे असं कधी बोललीस? मला कळलं असतं तर मी काय तसाच बसलो असतो?

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. क्लासातलं पोर चुकलं की बघते तसं.

"सांगितलं की मी," ती म्हणाली. "दर वेळी सांगितलं. तुम्ही लिहून घेत होतात."

नर्सनं वेळ संपली म्हणून सांगितलं. बाहेर आलो. विनुता आत गेली.